सात नंबरचं पाणी

“मॅडम, सिद्राम लोहार बुधवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी हावळ्यांच्या विहिरीवर होता की नव्हता, एवढंच मला तुमच्याकडून हवंय.”

उपनिरीक्षक वाघचौरे यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या टेबलावर ठेवली. ब्युरेटच्या उभ्या काचनळीला धक्का लागेल म्हणून मी ती जरा बाजूला सरकवली. वही ओळखीची होती. सिद्राम आमच्या प्रयोगशाळेचा रोजंदारीवरचा माणूस. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी तो माळशिंगी आणि आसपासच्या वस्त्या मिळून सात ठिकाणांचं पाणी आणायचा आणि कुठलं पाणी किती वाजता भरलं ते या वहीत लिहायचा. सातव्या ओळीत त्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: हावळे विहीर, ७.४०.

त्याच विहिरीतून बुधवारी दुपारी दिगंबर हावळे यांचं प्रेत गळ टाकून वर काढलं होतं. आज गुरुवार होता.

“डोक्यात मागून मार आहे,” वाघचौरे म्हणाले. ते पस्तिशीचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. “मग आत ढकललंय. डॉक्टर म्हणतात, सात ते साडेआठच्या मधे. काठावर थर्मास मिळाला, गळ्यापर्यंत भरलेला. चहा बिनसाखरेचा. साखरेची पुडी वेगळी, दोरा गुंडाळलेली. एक स्टीलचा पेला आणि एक कपबशी. म्हणजे म्हातारा कुणातरी ओळखीच्या माणसाची वाट बघत बसला होता. आणि ही वही सांगते, ओळखीचा माणूस आला.”

मी ब्युरेटची तोटी घट्ट केली. ती आधीच घट्ट होती.

“सिद्राम काय म्हणतो?”

“काल म्हणाला, गेलो होतो, पाणी भरलं, कुणी दिसलं नाही. रात्रभर आत बसवल्यावर आज म्हणतो, मी गेलोच नव्हतो. सातही कॅन घरासमोरच्या नळाला भरले, वहीत वेळ मनानं लिहिली. आता यातलं खरं कुठलं? म्हटलं, पाणी तर तुमच्याकडेच आहे.”

आतल्या खोलीतून आमचे वरिष्ठ, काळगे साहेब, बाहेर आले. पन्नाशीचे, नेहमी इस्त्रीच्या सफारीतले. मला त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं.

“अगदी सोपं आहे,” ते म्हणाले. “नळाचं पाणी मऊ, विहिरीचं जड. टिकेकर, यांच्यासमोरच करून टाका.”

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि नोकरीत कायम होण्याला चार महिने बाकी होते. सात कॅन ओट्यावर ओळीने उभे होते. निकाल मला न तपासताही ठाऊक होता, किंवा मला तसं वाटत होतं. सातही पाणी एकच निघणार, सिद्राम सुटणार, आणि वाघचौरे पुढचा प्रश्न विचारणार की मॅडम, हे तुम्हाला याआधी कधी लक्षात आलं नाही का. त्या प्रश्नाची मला भीती वाटत होती.

पहिल्या कॅनमधलं पन्नास मिली पाणी मी फ्लास्कमध्ये घेतलं, चिमूटभर दर्शक टाकला. पाणी जांभळट लाल झालं. ब्युरेटमधून थेंब सोडत गेले. आठ पूर्णांक सहा मिलीला ते निळं झालं. मी वीसने गुणलं.

“एकशे बहात्तर,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“नळ.”

दुसरा कॅन एकशे बहात्तर. तिसरा, चौथा, पाचवा तेच. वाघचौरे स्टूल ओढून शेजारी बसले होते आणि प्रत्येक वेळी निळा रंग आला की मान हलवत होते. सहावा एकशे बहात्तर.

सातव्याला आठ पूर्णांक सहा आलं आणि गेलं. पाणी लालच. दहा. पंधरा. मी फ्लास्क हलवत राहिले. वीस. पंचवीस. खोलीत फक्त थेंबांचा आवाज येत होता. बत्तीसला रंग फिरला.

“सहाशे चाळीस,” मी म्हणाले.

“विहीर,” काळगे साहेब म्हणाले. “सहा ठिकाणी आळस केला गड्यानं, सातव्या ठिकाणी मात्र गेला. वाघचौरे, माणूस खोटं बोलेल, आकडा कशाला बोलतोय?”

वाघचौरे उठले. “हे मला लेखी द्या मॅडम. तुमच्या सहीनं. उद्या त्याला कोर्टात उभं करायचंय.”

“फ्लोराइड बघायला हवं,” मी म्हणाले. “त्याशिवाय नक्की तीच विहीर असं म्हणता येणार नाही. उद्या अकरापर्यंत देते.”

“अकरा,” ते म्हणाले. “त्याच्यापुढं नाही.”

*

पाच महिन्यांपूर्वी सिद्रामच्या सातही नमुन्यांचे आकडे पहिल्यांदा एकसारखे आले, तेव्हा मी ते पुन्हा करून पाहिले होते. मग काळगे साहेबांकडे गेले.

“त्याचा गुडघा गेलाय,” ते म्हणाले होते. “सायकलवर सात गावं फिरणार कसा? गरीब माणूस आहे, कायम व्हायच्या यादीत नाव आलंय त्याचं. आकडे आलेत तसे लिहा. आपलं काम बाटलीतलं पाणी तपासायचं, बाटली कुठून आली ते नव्हे.”

मी लिहिले. प्रत्येक आकडा खरा होता आणि सात नंबरसमोरचा प्रत्येक अहवाल खोटा होता: हावळे विहीर, पाणी पिण्यास योग्य. मी त्या विहिरीवर पूर्वी एकदा स्वतः गेले होते. तिथलं फ्लोराइड लिटरला दोन पूर्णांक तीन मिलिग्रॅम होतं, दीडच्या वर चालत नाही. शेजारच्या वस्तीतली चाळीस घरं तेच पाणी पीत होती. मला हे सगळं माहीत होतं आणि मी पाच महिने सही करत होते.

सोमवारी, म्हणजे प्रेत सापडलं त्याच्या दोन दिवस आधी, दिगंबर हावळे प्रयोगशाळेत आले. साठी ओलांडलेले, उंच, धोतर आणि पांढरा सदरा घातलेले. हातात गोडेतेलाचा धुतलेला कॅन. गावात त्यांना सगळे दिगूअण्णा म्हणत. बायपास रस्ता त्यांच्या माळाला लागून जाणार होता आणि त्यांचा चुलतभाऊ सुभाष हावळे याने त्या सामाईक चौदा एकरांवर दोनशे प्लॉट आखले होते. चुन्याच्या रेघासुद्धा मारून झाल्या होत्या. सातबारावर दोघांची नावं होती आणि दिगूअण्णा सही करत नव्हते. हे मला माळशिंगीतल्या कुणीही सांगितलं असतं. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला तो मात्र मला नवा होता.

“ही सही तुमचीच का बाई?”

माझ्याच अहवालाची झेरॉक्स होती. सुभाषने ती प्लॉटच्या मंजुरीच्या फायलीला जोडली होती. पाण्याचा स्रोत: हावळे विहीर. पिण्यास योग्य.

“माझीच,” मी म्हणाले.

“माझी आई ह्या पाण्यावर वाकली,” ते म्हणाले. रागाने नाही, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. “शेवटी शेवटी ती आभाळ बघू शकायची न्हाई, जमिनीकडंच तोंड. वस्तीतल्या पोरांचं दात बघा कधी, पिवळं पडल्यात. आन् सुभाष म्हणतोय, दोनशे घरं बसवू. मी म्हटलं, बसव की, पण खरा कागद लावून बसव. तवा कोण येतंय ते बघू.” त्यांनी कॅन माझ्या टेबलावर ठेवला. “हे माझ्या विहिरीचं. तपासा आन् लिहून द्या.”

“असं बाहेरून आणलेलं पाणी आम्हाला लिहून देता येत नाही, अण्णा. नमुना आमच्या माणसानं भरायला लागतो.”

“तुमच्या माणसानं,” ते म्हणाले आणि हसले. “सिद्रामला मी परवा बाजारात धरला. म्हटलं, तू विहिरीवर कधी येतोस रे, मला कधी दिसला न्हाईस. सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलंच माझं. गरीब हाय त्यो. बरं मग तुमी सांगा, काय करायचं?”

आमचं आणखी थोडं बोलणं झालं. मग ते गेले. तो कॅन मी कपाटात खालच्या फळीवर ठेवला, नोंद न करता, आणि संध्याकाळी काळगे साहेबांना सगळं सांगितलं.

*

गुरुवारी संध्याकाळी माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती. चाळिशीची, हातावर जळल्याचे जुने डाग.

“मी चंद्रव्वा,” ती म्हणाली. “सिद्रामची.”

मी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्याच्या आतच खाली बसली, चटईवर आली नाही.

“बाई, त्यो गेला न्हाई विहिरीवर. मी सोबत हुते. सकाळी सहाला नळ आला, आमी दोघांनी मिळून भरलं. कॅन मी धरले, नरसाळं त्यानं. दर खेपेला असंच करतो.”

“मग काल गेलो होतो असं का सांगितलं त्यानं?”

“न्हाई गेलो म्हटलं तर नोकरी जाती.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मला कळायलाच हवं होतं. “अकरा वर्सं झाली रोजावर. औंदा कायम करणार हुते. त्याला वाटलं, गेलो म्हणावं, कुणी दिसलं न्हाई म्हणावं, सुटंल. गेल्यालाच धरत्यात हे त्याच्या डोक्यात आलं न्हाई. येडं हाय ते.”

“सातव्या कॅनमधलं पाणी विहिरीचं निघालं, चंद्रव्वा.”

“हे कसं हुईल?”

“मी स्वतः तपासलं.”

बाहेर कुणीतरी नळाखाली भांडी घासत होतं.

“तुमी शिकल्याल्या,” ती शेवटी म्हणाली. “तुमचं मशीन काय म्हणतंय ते मला कळत न्हाई. पण सातच्या सात कॅन मी ह्या हातानं धरलं. आन् त्या काचंच्या बाटल्या, कागदाची टोपी घातल्याल्या, त्यांचा दोरा तर मीच बांधती. त्याची बोटं जाड, त्याला गाठ येत न्हाई.”

“सगळ्या बाटल्यांचा?”

“सगळ्या. बुधवारी बी मीच बांधला.” ती उठली. दारात थांबली. “पोलीस म्हणत्यात, दिगूअण्णानं चा आणला हुता तो माझ्या माणसासाठी. तुमीच सांगा बाई, लोहाराच्या सिद्रामला मळ्यावर कुणी बशी घालून कप देतं का? दिगूअण्णा चांगला माणूस, पण आमाला दिला तरी हिरीवरच्या पत्र्याच्या डब्यातनं दिला असता. ती कपबशी दुसऱ्या कुणासाठी हुती. तेला कोण हुडकत न्हाई.”

ती गेल्यावर मी दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले. कपबशीचा विचार मी बाजूला ढकलला. तो विचार मी वाघचौरे बोलल्यापासून बाजूला ढकलत होते. बाटल्यांचा मात्र गेला नाही.

प्रत्येक ठिकाणाहून दोन गोष्टी यायच्या. मोठा कॅन क्षार तपासण्यासाठी आणि निर्जंतुक केलेली छोटी काचेची बाटली जंतू तपासण्यासाठी. जंतूंची तपासणी त्याच दिवशी सुरू करावी लागते. बुधवारी दहा वाजता, प्रेत सापडायच्याही आधी, मी सातही बाटल्यांतलं पाणी परीक्षानळ्यांत लावलं होतं आणि उरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. काळगे साहेबांना जंतूंच्या कामाचा कंटाळा. तो फ्रीज ते वर्षातून एकदाही उघडत नसत.

कॅन मात्र बुधवारची पूर्ण रात्र ओट्यावर उघडे उभे होते.

*

शुक्रवारी सातला मी प्रयोगशाळा उघडली. माझ्याकडे एक किल्ली होती, दुसरी काळगे साहेबांकडे, तिसरी नव्हती.

सात नंबरची बाटली फ्रीजमध्ये मागच्या बाजूला होती. कागदाच्या टोपीवरचा दोरा कापलेला, पण गाठ तशीच होती, चपटी आणि घट्ट. आत निम्म्याहून जास्त पाणी होतं. पन्नास मिली मोजताना थोडं सांडलं. मी थांबले, हात पुसले आणि पुन्हा मोजलं.

आठ पूर्णांक सहा.

मी सातव्या कॅनमधलं पाणी पुन्हा तपासलं. बत्तीस.

एकाच ठिकाणचं, एकाच वेळी भरलेलं पाणी दोन भांड्यांत दोन प्रकारचं असू शकत नाही. म्हणजे कॅनमधलं पाणी नंतर बदललं होतं, इथे, या खोलीत. पण ज्याने बदललं त्याला हावळ्यांच्या विहिरीचं पाणी मिळालं कुठून? बुधवारी दुपारनंतर तर तिथे पोलिसांचा पहारा होता.

मी कपाट उघडलं. दिगूअण्णांचा तेलाचा कॅन खालच्या फळीवर होता. भरलेला. क्षणभर मला बरं वाटलं. मग मी त्यातलं पाणी घेतलं. तेलाचा बारीक तवंग फ्लास्कच्या कडेला आला.

आठ पूर्णांक सहा.

एका कॅनमधलं पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातलं पहिल्यात. नीटनेटकं काम होतं. दोन्ही कॅन भरलेले, दोन्ही आपापल्या जागी. मी सातव्या कॅनच्या तोंडाशी नाक नेलं. गोडेतेलाचा वास येत होता. काल मी तो घेतला नव्हता. काल मी फक्त आकडा पाहत होते.

“किती आलं?”

काळगे साहेब दारात उभे होते. आठही वाजले नव्हते, आणि ते साडेदहाच्या आधी कधी येत नसत. मी फ्लास्क खाली ठेवला. माझी वही ओट्यावर उघडी होती. त्यांनी जवळ येऊन ती वाचली, हाताची घडी घालून, माझ्या अभ्यासाची वही तपासावी तशी.

“फ्रीज,” ते म्हणाले. “फ्रीज राहिलाच.”

मी वही माझ्याकडे ओढली.

“हे बघा टिकेकर. मी कुणाला हात लावलेला नाही. तुम्ही सोमवारी मला सांगितलंत, मी सुभाषला सांगितलं. एवढंच. म्हटलं, तुझा भाऊ बुधवारी सकाळी विहिरीवर एकटा असेल, जा, पाया पड, समजूत घाल. मला काय माहीत तो दगड उचलणार?” त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. “घरी आला माझ्या नऊ वाजता. अंगणात बसून लहान पोरासारखा रडत होता.”

“आणि सिद्राम?”

“सिद्रामनं स्वतःच लिहिलंय सात चाळीस. मी लिहिलं नाही.”

“पण तो नळाचं सांगेल आणि पोलीस दुसरीकडे बघायला लागतील, म्हणून तुम्ही पाणी बदललंत.”

“सुभाषच्या ले-आउटमध्ये कोपऱ्यावरचा प्लॉट माझा आहे,” ते म्हणाले. “निवृत्तीनंतरचं घर. तुम्हाला आत्ता नाही कळायचं.” मग त्यांचा आवाज बदलला, कामाचा झाला. “हा कागद फाडा. बाटली ओतून टाका. पाच महिन्यांचे अहवाल आहेत, सगळ्यांवर तुमची सही आहे, माझी एकावरही नाही. चार महिन्यांनी तुम्ही कायम होताय. तुमचे वडील काय करतात, पोस्टात आहेत ना? त्यांना काय सांगणार आहात? की माझ्या मुलीनं विषारी पाणी चांगलं म्हणून लिहून दिलं?”

त्यांनी बाटलीकडे हात नेला. मी ती आधी उचलली. ते माझ्याहून दुप्पट होते, दार त्यांच्या मागे होतं आणि आवारात अजून कुणी आलं नव्हतं.

“सर,” मी म्हणाले, “नऊ वाजता आला म्हणालात. त्या वेळी अंगणात तुमच्या घरातलं कुणी होतं का?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ओट्याजवळच्या स्टुलावर बसले, जिथे काल वाघचौरे बसले होते. त्यांची बायको रोज सकाळी नऊला अंगणातल्या तुळशीला पाणी घालते हे मला माहीत होतं. पहिलं वर्षभर मी त्यांच्याकडेच जेवायला होते.

मी बाटली, दोन्ही कॅन आणि वही पिशवीत घातली. त्यांच्या शेजारून दाराबाहेर पडताना त्यांनी मान वर केली नाही.

*

पोलीस ठाणं बाजाराच्या पलीकडे होतं. पिशवी जड होती आणि दर पन्नास पावलांवर मी हात बदलत होते. वाघचौरे ओसरीवर दात घासत उभे होते.

“अकराला म्हणाला होतात,” ते म्हणाले.

मी त्यांच्या टेबलावर सगळं मांडलं आणि क्रमाने सांगितलं. गाठ, फ्रीज, तेलाचा वास, तीन आकडे. मग पाच महिने. ते मी सगळ्यात आधी सांगणार होते, पण ते शेवटी आलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. आतल्या बाजूला गजांमागे सिद्राम उकिडवा बसून ऐकत होता. कायम व्हायचं स्वप्न आपल्यासमोर मोडताना तो पाहत होता, आणि त्याच वेळी फासातून सुटतही होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर यातलं काहीच दिसत नव्हतं.

“सुभाषला काळग्यांनी सांगितलं, हे ठीक,” वाघचौरे म्हणाले. त्यांनी शिपायाला खुणेने जीप काढायला सांगितली होती. “पण एक बसत नाही. काळग्यांना कसं कळलं, की म्हातारा बुधवारी सकाळी विहिरीवरच असणार?”

“मी सांगितलं.”

“आणि तुम्हाला?”

पुढचं पुष्कळांना माहीत आहे. सुभाष हावळेला जन्मठेप झाली. काळगे साहेबांना तीन वर्षं, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला त्यांची बायको स्वतःहून कोर्टात आली. सिद्रामची रोजंदारी गेली. नंतर त्याने बसस्टँडजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं, आणि मी बदलून जाताना माझ्या सायकलची चाकं सरळ करून दिली, एक शब्दही न बोलता. माझी पगारवाढ दोन वर्षं थांबली, जी थांबायलाच हवी होती. माळावर प्लॉट पडले नाहीत. चुन्याच्या रेघा पहिल्या पावसाळ्यात गेल्या. वस्तीला आता धरणाचं पाणी येतं. हे सगळं मी कुणालाही सांगू शकते आणि सांगितलंही आहे. त्या शुक्रवारी वाघचौरेंना सांगितलं ते मात्र मी त्यानंतर आज पहिल्यांदा सांगते आहे.

“सोमवारी त्यांनी विचारलं, मग काय करायचं,” मी म्हणाले. “मी म्हणाले, नमुना आमच्या माणसानं भरायला लागतो, तर मी येते. बुधवारी साडेसातला. माझ्या हातानं भरते. काळगे साहेबांनी मंगळवारी मला जायला मनाई केली. म्हणाले, खासगी माणसाच्या भानगडीत सरकारी माणूस शेतावर जात नाही. मी गेले नाही. निरोपही पाठवला नाही. म्हटलं, वाट बघतील आणि घरी जातील.”

वाघचौरेंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“जाताना त्यांनी विचारलं, चहा घेता ना. मी म्हणाले, घेते, बिनसाखरेचा. ते म्हणाले, आमच्याकडं चहा म्हणजे पाक असतो बाई, पण आणतो तसला.”

त्यांनी समोरची फाईल ओढली आणि पंचनामा काढला. बोट ओळींवरून खाली नेलं. थर्मास, भरलेला, चहा बिनसाखरेचा. कपबशी एक, पांढरी, निळ्या फुलांची, कोरडी. पेला एक, स्टीलचा, कोरडा. साखरेची पुडी एक.

“पुडी त्यांची स्वतःची,” मी म्हणाले.

“दोरा गुंडाळलेली,” वाघचौरे म्हणाले. “उघडली नव्हती.”

त्यांचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. मी ती ओळ उलट्या बाजूने वाचली, मग पुन्हा वाचली. मी येईन म्हणून त्यांनी स्वतःसाठीही चहा ओतून घेतला नव्हता.